अध्यक्षांची म्हैस

चौसाळ्याच्या अलीकडं सुंदररावांच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. चारा रोज मिळायचा, पाणी टँकरच्या मर्जीवर. छावणीत येण्याआधी टँकर कुठं अर्धा रिकामा होतो, हे फक्त अध्यक्ष सुंदररावांना आणि ड्रायव्हरला माहीत होतं. टेकाडाच्या पलीकडं, पत्र्याच्या कुंपणाआड, त्यांचं शेततळं तुडुंब होतं. त्यावर मोसंबीची बाग जगत होती आणि त्या बागेवर सुंदररावांचा बायकोपेक्षा जास्त जीव होता.

त्यांची झोप उडवली त्रिंबकनं. हा प्राणिशास्त्राचा पदवीधर; नोकरी मिळेना म्हणून छावणीत जनावरं तपासायचा. एका सकाळी दावणीपुढं उभा राहून तो सांगू लागला, "आदिमानवाला लांबून पाणी हुंगता येत नव्हतं. जनावरं कुठं जातात, कधी जातात, परतताना पाय ओले असतात का, हे बघणारा जगला. न बघणारा मेला."

"मग आपुन कोणाची अवलाद?" छबुबाईनं विचारलं. तिच्या गायीनं कालपासून कोरडी बादलीच चाटली होती.

"बघणाऱ्याची, काकू."

"आमच्या मालकाकडं बघून तसं वाटत न्हाई."

माणसं खिदळली. सुंदररावही हसले, जरा उशिरा. कारण त्रिंबकचं पुढचं म्हणणं असं होतं, की एक जनावर मोकळं सोडू आणि मागं जाऊ. माळावर कुठं ओल असली तर ते दाखवील.

नाही म्हणावं तर संस्थेची निवडणूक तोंडावर, हो म्हणावं तर मोसंबी. सुंदररावांनी सहकारातला राजमार्ग धरला: विरोध करायचा नाही, कार्यक्रम ठेवायचा आणि अध्यक्ष आपण व्हायचं.

"उपक्रम लई चांगला हाय. पण म्हैस संस्थेच्या अध्यक्षाची सुटंल. मान असतो."

त्यांचा हिशेब सरळ होता. तहसीलचे साहेब छावणीच्या पाहणीला येणार म्हणून त्यांनी आपली म्हैस कालच घरून आणून बांधली होती. पाणी पिऊन टम्म फुगलेली. ती कशाला हलतेय? दुपारपर्यंत माणसं कंटाळतील आणि आदिमानव परत पुस्तकात जाईल.

"तात्या, नक्की हीच सोडायची?" त्रिंबकनं विचारलं.

"कावून? अध्यक्ष तू हायेस का बे?"

म्हशीला हार घातला. भाषण झालं. सेक्रेटरी आश्रुबानं फोटो काढला आणि सुंदररावांनी स्वतःच्या हातानं दावं सोडलं.

म्हैस हलली नाही. सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग ऊन चढलं, काळं कातडं तापलं. म्हशीनं मान वर केली, हार चघळून संपवला आणि मंत्र्याच्या गाडीसारखी, कोणाकडं न बघता, टेकाडाकडं निघाली. मागं माणसं, त्यांच्यामागं सुटलेल्या गायी.

"तिकडं काय न्हाई!" सुंदरराव धोतर सावरत पळत सुटले. "तिकडं साप हायेत!"

म्हशीनं सवयीनं शिंगानं पत्रा सारला, बागेतून सरळ गेली आणि शेततळ्यात बसली.

"अगं बाई, झराच की!" छबुबाई म्हणाली. "जमिनीतून निघताना कुंपण घालूनच निघालाय."

त्रिंबक हळूच म्हणाला, "तहानलेलं जनावर पाणी शोधत हिंडलं असतं, तात्या. ही आपल्या रोजच्या जागी आली. म्हणून तर विचारलं होतं."

सुंदररावांनी घाम पुसला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी आवाज चढवला, "संस्थेनं जनावरांसाठी राखून ठेवलेला साठा हाय ह्यो! आजपास्नं छावणीला खुला. सूचक मी."

"अनुमोदक मी," छबुबाई म्हणाली. तिची गाय तोवर गुडघाभर पाण्यात शिरली होती.

"आन् मोसंबी?" आश्रुबानं कानाशी येऊन विचारलं.

पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. काठावर उभं राहून सुंदरराव एकेक गाय न्याहाळू लागले: हिचा मालक कोण, आणि त्याच्या घरात मतं किती.