काही न उरणारं घर

"देश पातेल्याच्या बुडाशी घडतो," असं म्हणून रघुपतीरावांनी दुपारचं, अजून न घासलेलं भाताचं पातेलं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. बुडाशी एक शीत नव्हतं. आहार खात्याचे सहसंचालक बिंदुमाधवराव खुर्चीतून पुढे वाकले आणि गाभाऱ्यात डोकावल्यासारखं त्यांनी आत पाहिलं.

वाक्य रघुपतीरावांचं नव्हतं. ते खात्याच्या पत्रकातलं होतं आणि खात्यानं ते कुठल्याशा परदेशी भित्तिपत्रकावरून उचललं होतं. तिथे पातेल्याच्या जागी तोफांचा कारखाना होता. पातेलं मात्र अस्सल रघुपतीरावांचंच होतं.

सहासष्ट साल होतं. लागोपाठ पिकं बुडाली होती, तांदूळ रेशनवर होता आणि दर सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, असं सरकारनं देशाला सांगितलं होतं. चामराजपेठेतल्या या घरात ते कडक पाळलं जाई. सोमवारी रात्री चुलीवर भात चढत नसे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दूध, एवढ्यावर घर देशासाठी रात्र काढत असे.

"केराचा डबा कुठंय?" बिंदुमाधवरावांनी स्वयंपाकघरात नजर फिरवत विचारलं.

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"लागतच नाही. सालींची चटणी होते. शिळ्या भाताचं थालीपीठ. बाकी उरत काहीच नाही."

बिंदुमाधवरावांनी हे ऐकून मान हलवली. प्रचाराच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ घरं पाहिली होती. लोक बोलायचे एक आणि मोरीत सापडायचं दुसरंच. इथली मोरीसुद्धा कोरडी होती. शनिवारी दिल्लीच्या बाई येणार होत्या, राज्यातलं आदर्श आहार-घर निवडायला. खात्यातल्याच कुणाचं घर निवडलं गेलं तर त्याला दिल्लीच्या कचेरीत उपसंचालकाची जागा मिळणार, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रघुपतीराव अकरा वर्षं प्रचार अधिकारी होते. तालुक्या-तालुक्यांतून पडदा आणि फिल्मची पेटी वाहून त्यांची एक बाजू किंचित खाली झुकली होती.

तेवढ्यात रघुपतीरावांची बायको वसुमती कॉफी घेऊन आली. स्वयंपाकघराचं दार जुन्या मापाचं होतं; ती जरा आडवी होऊन बाहेर आली, कॉफी ठेवली आणि तशीच आडवी होऊन आत गेली. बिंदुमाधवरावांनी पेला उचलला, पण प्यायले नाहीत.

"वहिनींची प्रकृती…"

"उत्तम आहे."

"ते दिसतंच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "रघुपतीराव, या खेपेला नियम दोन आहेत. घरात नासाडी नको. आणि घरात कुणी जास्त खाणारं नको. जास्त खाणं हीही नासाडीच, असं दिल्लीचं मत आहे. पत्रक तुम्हीच लिहिलंत की."

लिहिलं होतं खरं. 'स्थूलता : कारणे व उपाय'. कारणं तीन दिली होती : अतिभोजन, आळस आणि गोडाची आवड. वर एका लठ्ठ बाईचं चित्र होतं आणि तिच्यावर लाल फुली.

"ती काही खात नाही, सर," रघुपतीराव म्हणाले.

"रेशनच्या दिवसांत लोक काय म्हणतील? आहार अधिकाऱ्याच्या घरी तांदूळ येतो कुठून, असं विचारतील."

"देवाशप्पथ खात नाही. मी कधी पाहिलेलं नाही."

हेही खरं होतं. घरात पंगत बसे ती रघुपतीरावांची, त्यांच्या वडिलांची म्हणजे भीमाचार्य अप्पांची, मुलगी कावेरीची आणि तिच्या दोन धाकट्या भावांची. सगळे उठले, हात धुतले, की वसुमती स्वयंपाकघराचं दार पुढे लोटे. आत काय होई ते कुणी पाहिलेलं नव्हतं आणि कुणाला पाहावंसं वाटलेलं नव्हतं. लग्नात एकमेकांना घास भरवले होते, त्यानंतर बायकोचं तोंड हलताना रघुपतीरावांना आठवत नव्हतं. तरी ती वर्षागणिक रुंदावत गेली. शेजारच्या पद्मावतीबाई म्हणत, काही बायका हवेवर वाढतात. डॉक्टर म्हणाले, ग्रंथी. भीमाचार्य म्हणत, पूर्वजन्मीचं अन्नदान आहे, आता फळतंय. रघुपतीरावांना स्वतःला काही मत नव्हतं. वडाकडे पाहावं तसं ते कधीमधी बायकोकडे पाहत, आणि अशा गोष्टींना कारण नसतं असं ठरवून कचेरीत निघून जात.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

"स्वल्प दिवस येलहंक्याला जाऊन ये."

"का?" वसुमती तांदूळ निवडत होती.

"तुझ्या वहिनीला बरं नाही म्हणत होतीस."

"ते दिवाळीत. आता बरी आहे की."

"मग बरी असताना बघून ये. आजारपणातच भेटायचं असतं असं कुठंय?"

वसुमतीनं एक खडा बोटानं बाजूला सारला. "दिल्लीच्या बाई शनिवारी येणार ना?"

"हो."

"सरी," तिनं कानडीत होकार भरला. मग तिनं विचारलं, "स्वयंपाक कावेरी करील. मागचं कोण बघणार?"

"मागचं काय असतं? आपल्या घरी मागे काही उरत नाही."

"ते खरं," वसुमती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

बुधवारी दुपारची जेवणं झाल्यावर तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. गुरुवार-शुक्रवार रघुपतीराव घरात नव्हतेच म्हणायचे. भिंतींवर तक्ते लावायचे होते, तेलगू आणि कन्नड घोषणा नीट लिहून घ्यायच्या होत्या. शुक्रवारी होसकोट्याच्या शाळेत खात्याच्या नव्या पदार्थांचं प्रात्यक्षिक होतं : टॅपिओकाच्या कृत्रिम तांदळाचं उप्पीट आणि शेंगदाण्याच्या पेंडीच्या पिठाचे लाडू. मुलांनी नेहमीसारखं चव घेऊन हात मागे घेतले. सरकारी अन्न टाकणं रघुपतीरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. उरलेलं सगळं दोन डब्यांत भरून नेहमीसारखं त्यांनी घरी आणलं.

"हे कुठं ठेवू?" कावेरीनं विचारलं.

"आई ठेवते तिथं."

"आई कुठं ठेवते?"

रघुपतीरावांनी टाय सैल केला. "असेल तिची काही जागा. बघ की आत."

शनिवारी दहाला दिल्लीच्या बाई आल्या. काटकुळ्या, खादीच्या साडीतल्या, पायांत साध्या चपला. तक्त्यांवरून त्यांनी नुसती नजर फिरवली. भीमाचार्यांना नमस्कार केला, वय विचारलं. मग इंग्रजीत म्हणाल्या की मला भिंती दाखवू नका, स्वयंपाकघर दाखवा.

बिंदुमाधवरावांनी हसून रघुपतीरावांकडे पाहिलं. रघुपतीराव पुढे झाले आणि सरावानं पहिलं दिसलं ते पातेलं उचलायला वाकले. ते उचलेना. त्यांनी झाकण काढलं.

आत शुक्रवारचा भात होता. त्याखाली गुरुवारचा भात होता, त्याला तार सुटली होती. शेजारच्या पातेल्यात डाळीची आंबट हुळी होती, वर पांढरी साय धरलेली. परातीत मुलांनी सोडलेल्या भाकरीच्या कडा होत्या, चंद्रकोरींसारख्या. थोरला कारलं खात नाही, ते सगळं एका वाडग्यात होतं. धाकटा भोपळा खात नाही, तो दुसऱ्यात. उष्ट्याचं तपेलं वेगळं : ताटाताटांतला दहीभात एकत्र निपटलेला, त्यात भीमाचार्यांचं अर्धवट सोडलेलं पायसम. बुधवार रात्रीच्या भाजीचा डबा कपाटामागून निघाला. फळीवर, पिंपावर, देव्हाऱ्याच्या कट्ट्यापर्यंत, जिथे जागा सापडली तिथे कावेरीनं काही ना काही झाकून ठेवलं होतं. मधोमध होसकोट्याचे दोन डबे.

वासानं बिंदुमाधवराव दारातूनच मागे सरले. रघुपतीराव हलले नाहीत. ते एकेक झाकण काढत गेले, हळूहळू, आणि काढलेलं झाकण हातातच धरून उभे राहिले. कुणी एखादी नदी कायम पायाखालून वाहत होती असं सांगून फरशी उचलावी, तसं त्यांना झालं. आपण इतके जेवत होतो आणि इतकं सोडत होतो. इतकं रोज उरत होतं आणि रोज कुठेतरी जात होतं, आवाज न करता, दार पुढे लोटून. अकरा वर्षांची प्रात्यक्षिकं, सगळ्या शाळांनी नाकारलेले लाडू, सरकारचा कृत्रिम तांदूळ. राज्यात तो कुणीच खात नाही, असा खात्याचा अहवाल होता. तो चुकीचा होता.

"रोज एवढं उरतं?" बाईंनी विचारलं.

"नाही," रघुपतीराव म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "उरत नाही."

"सून माहेरी गेलीय," भीमाचार्यांनी बाहेरून कन्नडमध्ये खुलासा केला. बिंदुमाधवरावांनी तो नाइलाजानं इंग्रजीत सांगितला.

बाईंनी एकदा पातेल्यांकडे पाहिलं, एकदा त्या अरुंद दाराकडे. मग रघुपतीरावांच्या हातातलं झाकण घेतलं आणि तपेल्यावर अलगद ठेवलं. कॉफी न घेताच त्या निघाल्या.

दुपारच्या बसनं रघुपतीराव येलहंक्याला गेले. मेहुण्याकडे पंगत बसली होती आणि तिच्यात, भावाच्या शेजारी, वसुमती बसली होती. रघुपतीराव व्हरांड्याच्या खांबाशी थांबले. तिनं भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला. विमानतळाच्या बाजूनं एक विमान घरघरत गेलं, तरी तिची तंद्री मोडली नाही. थोडा भात, चार घास दहीभात, आणि तिनं पानावर हात आडवा धरला.

"वन्सं, अजून वाढते की, स्वल्प," वहिनी म्हणाली.

"पुरे गं. भरलं पोट."

"आल्यापासून असंच. चिमणीएवढं जेवतात," वहिनीनं रघुपतीरावांना पाहून तक्रार केली. "तुमच्या घरी तरी नीट जेवतात का हो, भावजी?"

हात धुऊन वसुमती बाहेर आली. रघुपतीराव खांबाला धरूनच उभे होते.

"सगळं नासलं," ते म्हणाले.

"टाकलंत?"

"कुठं टाकायचं ते कुणाला ठाऊक नाही. अप्पांनाही नाही."

"गल्लीच्या टोकाला कुंडी आहे की. म्युनिसिपालिटीची."

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

रघुपतीरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. "मग तू…"

"आहार खात्याच्या माणसाच्या घरचं अन्न कुंडीत? लोक बघतात की." तिनं पदरानं तोंड टिपलं. "तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"बसा मग. अगं, यांचं पान मांड. भात थोडा वाढ, आधी थोडा वाढ, लागला तर घेतील."

रघुपतीराव बसले. पानातलं सगळं संपवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटचा घास त्यांनी पाण्याबरोबर उतरवला. पान उचलताना ते म्हणाले, "चारची बस आहे."

"दादा म्हणतोय, आठ दिवस राहा," वसुमती म्हणाली.

"सरी," ते म्हणाले आणि एकटेच निघाले.

त्या वर्षीचा मान बसवनगुडीतल्या एका वकिलाच्या घराला मिळाला. त्यांच्याकडे म्हैस होती.