नखानं निघालेला लेसर

आमच्या गावच्या, अनसिंगच्या शाळेत माझा सत्कार होता आणि मला सकाळपासून मळमळत होतं. कारण माझ्या पीएचडीच्या सरांच्या खिशातली डबी.

डबीत सिलिकॉनची चकती होती आणि चकतीवर लेसर. थेट सिलिकॉनवर उगवलेला, असं सर वर्तमानपत्रांना सांगून बसले होते. सिलिकॉनला स्वतःला धड उजेड देता येत नाही. म्हणून त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाचे थर अणू-अणूनं चढवायचे. पण दोघांच्या अणूंमधलं अंतर जुळत नाही, थर आतून चिरतात, लेसर पेटतो आणि विझतो. माझे सगळे विझले होते. पीएचडी त्यातच अडकली होती.

आणि हा डबीतला? विकतचा तयार तुकडा, घाईत चिकटवलेला. उगवलेला थर नुसत्या डोळ्यांना कळतही नाही, हा तर तिळासारखा वर आलेला. "सत्कारापुरतंच गं," सकाळी गाडीत डबी दाखवत सर म्हणाले. "तुझ्या प्रबंधावर सही माझीच लागते ना?" वर हातावर पेढा ठेवला. त्या माणसाची, त्याच्या गोड हसण्याची, त्या पेढ्याची मला शिसारी आली. तरी गिळला.

सरांनी भाषण ठोकलं. मग फोटोसाठी डबी उघडून माझ्या वडिलांच्या हातात दिली. "पंजाबराव, पाहा, मुलीनं काय उगवून दाखवलंय!"

बाबांचा जन्म वांगी-टमाट्यात गेलेला. रोप लावलं की चार दिवसांनी ते वाफ्यात वाकतात आणि हलकेच ओढून पाहतात. मूळ धरलं असेल तर रोप हलत नाही. उगवलेलं म्हटल्यावर त्यांचं नख आपसूक पुढं गेलं.

"लागलं का पाह्यतो," ते म्हणाले, आणि लेसर टचकन नखावर आला.

सर माईकवर ओरडले, "अहो, काय केलंत! मुलीची पाच वर्षं मातीत घातलीत! अडाण्याच्या हातात दिलं, माझंच चुकलं." चोराच्या उलट्या बोंबा!

बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. "माफ करा सर, माह्याकून तुटलं. पोरीले काही करू नोका."

मी माईक ओढून घेतला.

"बाबा, हात खाली करा. उगवलेलं असतं त नखानं निंगालं नसतं. हे चिकटवलेलं हाय. यायनं चिकटवलं, या सरायनं."

सर हळूच म्हणाले, "तनुजा, सही विसर."

"विसरली," मी म्हणाले.

बाबांनी नखावरचा तुकडा सरांच्या तळहातावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली, घासून घासून. मग माझ्याकडे वळले.

"तुले कवापासून ठाऊक होतं वं?"

"सकायपासून."

माझ्या गळ्यातला सत्काराचा हार त्यांनी हलकेच ओढून पाहिला, आणि काढून टेबलावर ठेवला.