आधी आईला बसवा

मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. अस्सल सागवानी, प्लायवूडची नव्हे. बाळाला पाजताना आईचं कोपर टेकावं म्हणून सुताराने माझे हात चांगले रुंद केले. माझा जन्मच त्यासाठी. पण मित्रांनो, या घरात माझ्यावर बसतं कोण? बाळ बघायला आलेली पाहुणी! बाळ तिच्या मांडीवर, आणि बाळंतीण स्वयंपाकघरात चहा गाळतेय.

थोरल्या सुनेच्या वेळी सासूबाईंनी बाळ आपल्याच खोलीत नेलं. म्हणे, आईला झोप मिळू दे. मन चांगलं होतं हो, पण झालं उलटंच. थोरली झोपलीच नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची. पुढेपुढे तर बाळ रडलं तरी मान वळेना. डॉक्टरीणबाईंकडे खेटे घालून, औषधं घेऊन ती सावरली खरी, पण तोवर पोर चालायला लागलं होतं.

आता धाकटी बाळंत झाली. परवा तीही भिंतीकडे बघत बसलेली दिसली आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. इतक्यात सासूबाई आल्या.

"दे गं इकडे बाळ. तू पड जरा."

"न्या," धाकटी पुटपुटली. "माझ्यापाशी असलं काय नि नसलं काय."

दारात थोरली धुतलेली दुपटी घेऊन उभी होती. तिने ती तिथेच टाकली.

"आई, बाळ न्यायचं नाही."

"अगं, मी काय खाते की काय त्याला? तिला विश्रांती नको?"

"हवी ना. पण बाळासकट हवी. माझं नेलंत, तेव्हा मला वाटलं, आपली आता कुणाला गरजच नाही."

सासूबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. थोरलीने धाकटीला माझ्यावर बसवलं, कोपराखाली उशी सारली, बाळ मांडीवर दिलं आणि स्वतः खाली बसली.

"रड हवं तेवढं. मी कुठे जात नाही. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, बाळाला घेऊनच."

धाकटी तेव्हा कुठे रडली. सासूबाई जरा वेळ घुटमळल्या, मग पदर खोचून निघाल्या. "जेवण इथेच आणते दोघींचं. आणि पाहुण्यांना सांगते, चहा घरून पिऊन या!"

धाकटी अजून हसलेली नाही. मला चैन नाही. पण काल बाळ कुरकुरलं, तेव्हा तिने मान वळवली.

मित्रांनो, बाळ बघायला जाल तेव्हा खुर्ची अडवू नका. आधी आईला विचारा, जेवलीस का, झोपलीस का, मनात काय आहे? ती "बरी आहे" म्हणाली तरी पुन्हा विचारा. आणि खरं उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका. हलायला मी आहे.