चौपाटीच्या वाळूतलं पाणी

रिटायर झाल्यापासून कास्मीर खुर्चीत बसून नुसता पंख्याकडे बघायचा, आणि त्याच्या बायकोला, आग्नेसला, ते बघवत नसे. म्हणून जुन्या ऑफिसातल्या मित्रांनी जंगलात कॅम्पला जायचं ठरवलं, तेव्हा तिनेच त्याला ढकललं. त्याने मोबाईलवर पाणी गाळण्याचे चार व्हिडिओ पाहिले आणि सगळ्यांना कळवून टाकलं, "पाणी कोणी आणू नका. ओढ्याचं गाळून देईन मी."

दुसऱ्या दिवशी फणसवाडीतल्या त्यांच्या गॅलरीत कारखाना उघडला. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आले, बांधकामावरून खडी आली, आणि गिरगाव चौपाटीवरून पिशवीभर वाळू. आग्नेसचा नवा नॅपकिन बुड कापलेल्या बाटलीच्या तोंडाला बांधला गेला आणि त्यावर हे सगळं थराथराने भरलं गेलं.

"अरे, तो चर्चला न्यायचा होता!"

"जीव वाचवतोय गो लोकांचा!"

कॅम्पला येणारा मित्र आल्विन मुद्दाम बघायला आला. कास्मीरने बादलीत गुलाबाच्या कुंडीतली माती कालवली आणि तो चिखल उलट्या टांगलेल्या बाटलीत ओतला. थेंब थेंब पाणी खाली पडू लागलं. आधी काळं, मग राखाडी, मग चक्क स्वच्छ. कास्मीरची छाती फुगली. आग्नेसने मात्र ते उकळल्याशिवाय कोणाला हात लावू दिला नाही.

निवल्यावर आल्विनने मोठा घोट घेतला. त्याचे डोळे विस्फारले. घोट गिळावा की थुंकावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने गिळला.

"कास्मीर, यात दोन बोंबील सोड. कालवण तयार आहे."

कास्मीरने चाखलं. समुद्रच होता तो. तरी मान ताठ ठेवून म्हणाला, "मिनरल्स आहेत."

आग्नेसला हसू आवरेना. पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिने पदर खोचला आणि वाळू मोरीत नेऊन पाण्यामागून पाणी घालत धुतली. खारटपणा गेला. पण थेंबांना काही घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत जेमतेम कपभर पाणी जमलं.

"सहा जण आहोत आपण," आल्विन म्हणाला. "आत्तापासून गाळायला बसलास तर नाताळात चहा मिळेल."

कॅम्पच्या दिवशी आग्नेसने गुपचूप पाण्याचे दोन कॅन भरून दाराशी ठेवले. कास्मीरने ते पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही खांद्याला लावून जिना उतरला. किती दिवसांनी तो असा तुरुतुरु चालत होता! ती गॅलरीतून बघत राहिली.

दुपारी त्याचा फोन आला.

"पाणी भरपूर आहे गो. सगळे तुझं नाव काढतायत."

"मग चहा घेतला का?"

पलीकडे तो खाकरला.

"पाण्याच्या नादात पावडर कोणीच आणली नाही."