महाराणीचे केस

शिंगरू तिसऱ्यांदा खोकलं, तेव्हा मोतद्दारकाकांनी गवताला दोष दिला. त्याआधी धुळीला देऊन झाला होता, गार वाऱ्यालाही. तबेल्यात दोष द्यायला आता काका स्वतःच तेवढे उरले होते, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

दोन महिन्यांचं ते पिल्लू. अंगापेक्षा पायच जास्त, म्हणून काकांनी त्याचं नाव नाकतोडा ठेवलं होतं. जन्मल्यावर तासाभरात ते उभं राहिलं, दुसऱ्या तासात त्यानं बादली पालथी केली आणि पुढचे सात आठवडे काकांच्या सदऱ्याची बटणं खायचा उद्योग केला. काकू रोज बटणं लावायच्या आणि रोज बडबडायच्या. आता आठवडाभर सदरा शाबूत होता आणि काकांना तो बघवत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. त्या वयानं लहान, पहिलीच नोकरी. घोड्यांनाही 'अहो' म्हणायच्या. निकाल आला त्या सकाळी त्यांनी मालकीणबाईंना आणि काकांना अंगणात बोलावून सगळं सांगितलं. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी या पिल्लाच्या रक्तात जन्मापासूनच नव्हत्या. आईच्या चिकाच्या जोरावर इतके दिवस निभावलं, आता ती शिदोरी संपली. दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच असं होतं. आईबाप स्वतः मात्र ठणठणीत असतात. इलाज नाही.

मालकीणबाईंचा आवाज कधी चढत नसे. तो खाली गेला, की माणसं घाबरत. तो आता खाली गेला.

"घोड्यात दोष आहे हे ठाऊक होतं, म्हणून तर तो लावण्याआधी घोडीची तपासणी केली. घोडी निर्दोष असल्याच्या कागदावर तुमची सही आहे, डॉक्टर."

"माझ्याकडूनच काहीतरी घोटाळा झाला असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केसांची पाकिटं बदलली असतील. मला खरंच आठवत नाही." मालकीणबाईंनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि बॅग आवरायला घेतली.

घोटाळा कुठे झाला ते काकांना मात्र चांगलं आठवत होतं.

तपासणीला मानेवरचे तीस केस लागत, तेही मुळासकट उपटलेले. घोडी होती महाराणी, नाकतोड्याची आई. तिच्या आयाळीला हात लावायचा तर आधी तिची मर्जी बघावी लागे. सव्वा वर्षापूर्वी त्या दिवशी डॉक्टरीणबाई पाकीट घेऊन आल्या, तेव्हा काकांनी ऐटीत त्यांना चहाला पिटाळलं. तीस वर्षांत एकाही जनावरानं आपल्याला लाथ मारलेली नाही, हे ते विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्याला जास्तच सांगत. चार केस निघाले. पाचव्याला महाराणी गर्रकन वळली आणि काका थेट लिदीच्या ढिगात जाऊन बसले. बघायला कोणी नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा.

शेजारच्या खणात मावशी नावाची म्हातारी घोडी होती. घर जळालं तरी ती झोप मोडायची नाही. काकांनी तिचे तीस केस उपटून पाकिटात घातले. तपकिरी ते तपकिरी. आणि तपासण्या म्हणजे शेवटी कागदी घोडेच नाचवायचे, असं त्यांचं ठाम मत होतं. घरी त्यांनी पाय घसरल्याचं सांगितलं. काकूंनी शेक देताना खुराचा उमटलेला ठसा नीट बघून घेतला आणि घसरण्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

आता डॉक्टरीणबाई फाटकाकडे निघाल्या होत्या.

"ते केस महाराणीचे नव्हते," काका म्हणाले. "मावशीचे होते. मीच घातले."

मालकीणबाई वळल्या. "का?"

"महाराणीनं लाथ मारली."

"तुम्हाला?" केसांच्या अदलाबदलीपेक्षा त्यांना याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. "कुठे?"

"ते सांगण्यासारखं नाही, बाई."

फाटकाशी डॉक्टरीणबाई हसल्या की रडल्या, कळलं नाही; बहुधा दोन्ही. मग परत येऊन म्हणाल्या, की आपणही न बघताच सही केली होती, तेव्हा सगळं काकांच्या माथी नको.

"तेव्हाच मला येऊन सांगितलं असतंत," मालकीणबाई म्हणाल्या, "तर मी पोटभर हसले असते. तेवढंच झालं असतं."

काकांना ही शिक्षा पुरली असती, पण आणखी होती. उद्यापासून घोड्या दुसऱ्याकडे. काकांनी गवताचं कोठार सांभाळायचं. डॉक्टरीणबाईंना मालकीणबाईंनी राहायला सांगितलं. काकांनी एकच मागितलं: नाकतोडा असेपर्यंत त्याच्याजवळ राहू द्या. मालकीणबाई हो म्हणाल्या.

नाकतोडा आणखी चार दिवस होता. चौथ्या दिवशी दुपारी त्याला उठवेना, श्वास घेणंही जड जाऊ लागलं. महाराणीला बाहेर कुरणात नेलं. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरीणबाईंनी शेवटची सुई दिली. काका रडले, चारचौघांत, मिशांवरून पाणी ओघळेपर्यंत.

"दुसरा, निर्दोष घोडा लावला असता तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई सुई पुसत राहिल्या. काका वाट बघत होते, म्हणून त्यांना बोलावंच लागलं. "तर हा आजार त्याला झाला नसता, काका."

काका उठले, कपडे झटकले आणि कुरणाकडे गेले. महाराणी कुंपणाशी उभी राहून तबेल्याच्या दिशेनं हाका मारत होती. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. आजवर मालकीणबाईंसमोरही ती त्यांनी कधी काढली नव्हती.

"ते गेलं," ते तिला म्हणाले. "तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे गेलं."

महाराणीनं त्यांच्या खांद्यावरून पलीकडे तबेल्याकडे बघितलं आणि पुन्हा हाक मारली. काका बाजूला सरले, तिला दार नीट दिसावं म्हणून.