सैल पकड

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात दारं, खिडक्या आणि कपाटं केली होती. त्यामुळे बाईंनी जेव्हा सांगितलं, “मला एक प्रथिन करून हवंय, लाकडाचं,” तेव्हा त्यांना वाटलं, आपण कपाटाबद्दलचंच काहीतरी चुकीचं ऐकलं.

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. कॉलेजात जीवरसायन शिकवून नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. मिस्त्री आले होते त्यांच्या खोलीची चिकटलेली खिडकी तासायला. खिडकी तासून झाली, भुसा झाडून झाला, तरी बाई त्यांच्याशी बोलताना सारख्या त्या खिडकीकडेच बघत होत्या.

“राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “माझ्या नजरेचा मधला भाग विरून गेलाय. सरळ बघितलं की माणूस नाहीसा होतो. दुसरीकडे बघितलं की कोपऱ्यातून जरासा दिसतो. तुम्ही आत्ता छान दिसताय. निळा शर्ट आहे ना?”

“राखाडी आहे, बाई.”

“असू दे. मला निळाच आवडला.”

मग त्यांनी मिस्त्रींना बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. दुपारची वेळ होती, तासलेल्या खिडकीतून उन्हाचा एक लांबट पट्टा आत आला होता, आणि बाईंचा आवाज असा संथ होता की मिस्त्रींना आपण शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसलोय असं वाटायला लागलं.

“आपल्या यकृताच्या पेशीत एक विकर असतं. विकर म्हणजे कामकरी प्रथिन. साखर आली की तिला पकडायचं आणि साठवणीच्या वाटेला लावायचं, हे त्याचं काम. पण आपण उपाशी असताना त्यानं कामाचा धडाका लावून कसं चालेल? म्हणून दुसरं एक प्रथिन त्याला धरून बसतं. पेशीच्या अगदी आतल्या खोलीत. आपलं जेवण झालं की सोडतं, पोट रिकामं झालं की पुन्हा धरतं.”

“आणि जेवण झालं हे त्याला कोण सांगतं?”

“गोडच सांगतं. फळांतल्या साखरेपासून तयार झालेला एक बारीक कण या राखणदाराच्या अंगातल्या खाचेत जाऊन बसतो. बसला, की पकड सुटते.”

“म्हणजे पाचर,” मिस्त्री म्हणाले.

बाई खिडकीकडे बघत हसल्या. “तीस वर्षं शिकवलं मी हे. पाचर हा शब्द काही मला सुचला नाही.”

हा शोध आपला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. राखणदाराच्या एका टोकावर, एवढ्याशा टोकावर, त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं होतं. त्याचं रूप स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितलं होतं. आता स्क्रीन दिसत नव्हती. “हातात कधी घेतलं नाही,” त्या म्हणाल्या. “कोणीच घेतलेलं नाही म्हणा. एकदा घ्यावंसं वाटतं.”

मिस्त्रींनी हो म्हटलं. का म्हटलं, ते त्यांना जिना उतरतानाही कळलं नाही.

बाईंच्या एका जुन्या, आता स्वतःच कॉलेजात शिकवणाऱ्या विद्यार्थिनीनं कागदांचा गठ्ठा पाठवला. पावाचे काप करावेत तसे तिनं दोन्ही प्रथिनांचे आडवे काप काढले होते आणि प्रत्येक कापाची कड छापली होती. मोठ्याचे चौसष्ट, छोट्याचे चाळीस. मिस्त्रींनी ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीनं चिकटवले, कारण दुकानात भिंत म्हणून मोकळी उरलीच नव्हती.

“हे काय?” बायकोनं विचारलं. “ढगांचे नकाशे?”

“साखरेचा राखणदार आहे.”

“मग मुंग्यांना कळवू नका.”

राखणदारासाठी त्यांनी अक्रोडाचा ठोकळा घेतला आणि विकरासाठी देवदाराचा. बाईंना रंग नीट दिसणार नाही, पण देवदाराचा वास बंद खोलीतही लपत नाही. नुसत्या नाकानं कळेल कोण कुठला, असा त्यांचा हिशेब. पुठ्ठ्याचे साचे कापले, एकेक कड ठोकळ्यावर उतरवली, आणि पटाशी घेऊन बसले. दाराला चार कोपरे असतात, काटकोन असतो, कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं. इथे सरळ रेष म्हणून नव्हती. फुगवटा संपतो न संपतो तोच खळगा, खळग्यातून वर आलेली एक कड, ती कुठे जाते बघावं तर मागच्या बाजूला जाऊन नाहीशी. दहा दिवसांनी बायकोनं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाली, “रताळं छान झालंय.”

पण संध्याकाळी कामं आटोपली की तीच काचपेपर घेऊन शेजारी बसायची. खळग्यांत तिची बोटं नीट जायची, मिस्त्रींची जाडी बोटं अडायची. एक दिवस दोन्ही तुकडे तिनं एकमेकांना लावून बघितले. अक्रोडाच्या कुशीत देवदार बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

“अहो, हा तर थोरला भाऊ दिसतोय,” ती म्हणाली. “गर्दीत धाकट्याचं मनगट धरून चाललेला. धाकट्याला कधी एकदा हात सोडवून पळतोय असं झालंय.”

तेव्हापासून त्यांच्या घरात त्यांना थोरला आणि धाकटा अशीच नावं पडली. “धाकट्याच्या पाठीला अजून खरखर आहे,” असं ती भाजी चिरताना म्हणायची आणि मिस्त्री मान डोलवायचे.

त्या दिवसांत मिस्त्रींना दुपारी जेवणानंतर दुकानातच डुलकी लागायची, भुशाच्या पोत्यावर. डुलकीत ते एका मोठ्या गोल घरात शिरायचे. भिंती भिंतींसारख्या नव्हत्या, हाताला मऊ लागायच्या आणि किंचित हलायच्या. आत आणखी एक गोल खोली, तिला असंख्य लहान झरोके. खोलीत कोणीतरी कोणालातरी धरून बसलेलं. ते भांडत नव्हते, बोलतही नव्हते, नुसते वाट बघत होते, आणि मिस्त्रीही त्यांच्यासोबत वाट बघत बसायचे. मग झरोक्यातून पिकल्या फळाचा वास यायचा. धरणाऱ्याचा हात सुटायचा, अगदी हलके, झोपलेल्या माणसाचा सुटतो तसा. दुसरा उठून बाहेर जायचा. मिस्त्रींना त्याच्या मागे जायचं असायचं, पण तेवढ्यात जाग यायची, आणि तोंडात खरंच काही वेळ गोड चव राहायची.

शेवटी पाचर केली. एवढीशी, करंगळीच्या नखाएवढ्या डोक्याची. थोरल्याच्या दोन भागांमधल्या फटीत ती सरकवली की फट उघडावी आणि धाकटा सुटून यावा, अशी योजना. पहिल्या दिवशी सगळं नेमकं जमलं. मिस्त्रींनी दिवे मालवले, कुलूप लावलं, आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

तीन आठवड्यांनी, बाईंकडे जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी पुन्हा बघितलं. धाकटा थोरल्याच्या हातात खुळखुळत होता. पाचर जेमतेम निम्मी आत गेली आणि तो सुटून थेट त्यांच्या अंगठ्यावर पडला.

मिस्त्रींना लगेच कळलं काय झालं ते. देवदार पुरता वाळलेला नव्हता. दुकानाच्या उष्म्यानं आटला, आकसला. चाळीस वर्षांत त्यांनी ओलं लाकूड कधी वापरलं नव्हतं, आणि वापरलं ते नेमकं इथे.

“उद्या जात नाही,” ते घरी येऊन म्हणाले. “नवा करतो. बाईंना काय दाखवू?”

“घेऊन चला. बघू तरी द्या त्यांना.”

“बघणार कशा त्या?”

“तेच म्हणते मी. हातात द्या. चूक आहे की नाही ते त्यांचे हात ठरवतील.”

आणि तिनं दोन्ही तुकडे एका जुन्या चादरीत गुंडाळले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही सोबत निघाली, नवरा अर्ध्या वाटेतून परत फिरू नये म्हणून.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. मिस्त्रींनी जोडी त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी आधी नुसते तळवे टेकवले, कपाळ तापलंय का बघावं तसे. मग बोटं चालायला लागली. बोटं अक्रोडावरून वर गेली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली.

“हे झाकण,” त्या पुटपुटल्या. “हे दोन सारखे भाग, जुळे. आणि इथे...” त्यांचं बोट एका बारक्या टोकावर थांबलं. “इथे होते मी. एकोणीस वर्षं.”

बराच वेळ त्यांनी बोट तिथून हलवलं नाही. मिस्त्रींच्या बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि भुसा गेला असं सांगितलं, जरी त्या खोलीत आता भुसा नव्हता.

“पाचर कुठंय?” बाईंनी हात पुढे केला.

मिस्त्रींनी ती दिली. सांगावं की नको, असं करेपर्यंत बाईंनी खाच शोधली होती. पाचर निम्मी गेली असेल नसेल, देवदार सुटला आणि त्यांच्या ओच्यात पडला.

“माझी चूक आहे, बाई,” मिस्त्री घाईघाईनं म्हणाले. “लाकूड ओलं होतं. पकड सैल पडलीय. मी दुसरा करून देतो, महिन्याभरात.”

बाईंनी धाकट्याला उचलून परत बसवलं. पुन्हा पाचर सरकवली. पुन्हा तो लवकर सुटला. तिसऱ्यांदा त्या मोठ्यानं हसल्या.

“मिस्त्री, तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय केलंय. हे राखणदार प्रथिन कसं घडवायचं याची कृती आपल्या प्रत्येकाच्या अंगात लिहिलेली असते. तेच त्याचं जनुक. कितीतरी माणसांत त्या कृतीतलं एक अक्षर वेगळं असतं. रोग नाही तो. त्यांच्या राखणदाराची पकड जराशी सैल असते, एवढंच. विकर लवकर मोकळं होतं. रक्तात साखर किंचित कमी, चरबी किंचित जास्त. आमच्या प्रयोगशाळेत अक्षरं वाचायचं यंत्र आलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी गुपचूप माझंच वाचलं.” त्या थांबल्या. “माझं सैल निघालं. आईकडूनही तेच, वडिलांकडूनही तेच. मी तुमच्याकडे नुसता राखणदार मागितला होता, पुस्तकातला, घट्ट. तुम्ही माझा आणलात.”

“पण मी मुद्दाम नाही केलेला,” मिस्त्री म्हणाले. त्यांना खोटं श्रेय नको होतं.

“माझा तरी कुठे कोणी मुद्दाम केलाय?”

मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं, “मग बाई, तुम्हाला लवकर भूक लागते का हो?”

“मला कायमच भूक लागते,” बाई म्हणाल्या. “पण ते जनुकावर ढकलू नये.”

तरीही मिस्त्रींना चैन पडेना. काम चुकलं ते चुकलं, कोणाला आवडलं म्हणून ते बरोबर होत नाही. त्यांनी सहा वर्षं वाळलेला देवदार शोधून काढला आणि दुसरी जोडी केली, पाचर पूर्ण बसल्याशिवाय न सुटणारी. बाईंनी ती हाताळली, “अगदी पुस्तकातला,” म्हणाल्या, आणि विद्यार्थिनीकडे पाठवून दिली. तिच्या वर्गात ती हातोहात फिरते. सैल जोडी बाईंनी ठेवून घेतली. दुपारी ती मांडीवर असते. कधीकधी त्यांना तशीच झोप लागते, आणि धाकटा जमिनीवर पडल्याच्या आवाजानं खालच्या मजल्यावरची शेजारीण दचकते.

त्या वर्गात दृष्टिहीन मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी जोडी हातात घेतली, आणि कोणी केली ते विचारून ठेवलं. गेल्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. मुलांना हाताळायला घरमाशी हवीय, म्हणाल्या. मांजराएवढी. सहाही पाय वेगळे लागायला हवेत, आणि पंख इतके पातळ, की फुंकर मारली तर हलावेत.

मिस्त्री सध्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माशांकडे टक लावून बघत असतात. बायको घरात कोणालाही त्या उडवू देत नाही.