धाकट्याने पाडलेले भाग

मार्गोने हात पुढे केला तो तळघराच्या किल्लीसाठी.

तोमासीन लांब काठीने नासपती झोडत होती. तिने भावजयीच्या पसरलेल्या तळव्याकडे एकदा पाहिलं, काठी वरच्या फांदीला लावली आणि असा हिसका दिला, की कडक हिरवी फळं मार्गोच्या लाकडी जोड्यांभोवती धडाधड कोसळली.

“अगं, बघून! डोकं फुटेल माझं.”

“झोडणी चालू असताना झाडाखाली उभं राहू नये, वहिनी. माहेरी कुणी सांगितलं नाही वाटतं?”

“रविवारी वाटणी आहे. रविवारपासून ती किल्ली माझ्याच कमरेला यायची. आज दिलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“मग रविवारीच या.”

मार्गो काही दुष्ट बाई नव्हती. तीन पोरं, चौथं पोटात, आणि हाताखाली कुणी नाही. तिला एक राबणारी बाई हवी होती, आणि ती फुकटात मिळेल असं नवऱ्याने सांगून ठेवलं होतं. हा नवरा म्हणजे मेदार, तोमासीनचा थोरला भाऊ. बाप जाऊन महिना झाला नव्हता तोच तो बागेच्या त्या टोकाला कुऱ्हाडीचा दांडा बुंध्यांवर ठोकत फिरत होता. ठोकायचा, कान लावायचा, मान डोलवायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचा.

“आतून सगळी टणक आहेत,” जवळ येत तो म्हणाला. “नासपतीच्या लाकडासाठी सुतार जीव टाकतात. हिवाळ्यात पाडून टाकू. झकास गहू येईल इथे.”

“पणजोबांनी लावलीत ही, दादा.”

“मग? पणजोबा काय परत येणार आहेत प्यायला?”

आमच्याकडची ही नासपती तोंडात घालायच्या लायकीची नसते. जीभ अशी आकसते, की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. पण घाण्यात चिरडून, पिंपात भरून थंडीभर मुरू दिली, की तिची जी सोनेरी दारू होते, ती बिशपच्या जेवणाला मागवली जाते. झाड अंगाने भरायला एका माणसाचा जन्म जातो. ज्याने लावलं त्याच्या वाट्याला नुसतं पाणी घालणं येतं. बापाचे, म्हाताऱ्या ओव्रेचे, गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे विशी लागल्यापासून, ही दारू तोमासीन करत आली होती. गावात नाव मात्र म्हाताऱ्याचं.

“आणि तू मनाला लावून घेऊ नकोस,” मेदार म्हणाला. “आम्ही इथे राहायला आलो, की तू गोठ्यावरच्या माळ्यावर झोप. गुरांची ऊब असते तिथे. पाद्रीबाबांना, नोटरीसाहेबांना, सगळ्या गावाला सांगितलंय मी, बहिणीला राणीसारखी ठेवीन.”

“राणी गोठ्यावर झोपते होय रे?”

“हे बघ तोमासीन, कायदा मी केलेला नाही.”

ते मात्र खरं. भाऊ असले की आमच्या नॉर्मंडीत बहिणीला जमिनीचा तुकडा मिळत नाही. तिचं लग्न लावून द्यायचं, नाहीच झालं तर दोन घास घालायचे, की भावांचं कर्तव्य संपलं. मेदारने तिला एक स्थळही आणलं होतं. कातडी कमावणारा विधुर. त्याचा वास त्याच्या आधी दारातून आत आला, आणि तोमासीनने त्याला बाहेरच्या बाकावरूनच वाटेला लावलं. झाला होता कायदा पाळून.

मेदार आत जाऊन बसला. चुलीच्या वरच्या आडव्या तुळईला तीन खिळे होते. मूल झालं की म्हातारा एक खिळा ठोकायचा आणि त्यावर एक मातीचा पेला टांगायचा. पाहुण्यांना कपाटातले कथलाचे पेले, आणि त्यांना आधी ओतायचं. घरच्यांनी थांबायचं, पाहुण्यांचं झालं की आपापला मातीचा पेला पुढे करायचा. मेदारने न बघताच हात वर केला आणि आपला कानतुटका पेला बरोबर काढला.

“आण गं,” तो म्हणाला, आणि तोमासीन किल्ली घेऊन तळघरात गेली.

*

धाकटा जेर्वे शुक्रवारी आला. कॉडच्या मासेमारीवर समुद्रापार गेला होता. बाप गेल्याचं त्याला बंदरात उतरल्यावर कळलं. हातांना मिठाने भोकं पडलेली, केस कापलेले. दारातच ताईच्या गळ्यात पडून तो असा रडला, की तोमासीनला त्याचं नाक पदराने पुसावं लागलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि तेव्हाही हे काम तिच्याकडेच होतं.

संध्याकाळी कुट्टूच्या पिठाचे घावन खाता खाता तो डोकं धरून बसला.

“भाग मी कसे पाडणार, ताई? कुठलं शेत कुठे संपतं तेसुद्धा आठवत नाही मला.”

“पाडायला तर तुलाच हवेत.”

हाही आमचा रिवाज. धाकट्याने भाग पाडायचे, थोरल्याने आधी उचलायचा, उरेल तो धाकट्याचा. म्हणजे धाकटा आपोआपच काटेकोर वागतो, आणि थोरल्याला तक्रारीला तोंड राहत नाही.

“मी कसेही पाडले तरी दादा घरच उचलणार,” जेर्वे म्हणाला. “आणि नदीकाठची शेतं माझ्या गळ्यात. मी काय करू त्यांचं? मी तर वसंतात परत बोटीवर. मला आपला तो खिळा हवाय, ताई. आल्यावर पेला टांगायला.”

“आणि मला ही झाडं उभी हवीत. आणि त्या माळ्यावर मी जाणार नाही. मेले तरी जाणार नाही.”

“मग करायचं काय?”

तोमासीनने घावन उलटला. मग तव्याकडेच बघत तिने त्याला सांगितलं, काय म्हणायचं ते. जेर्वेच्या हातातला घास हातातच राहिला.

“हे मी सगळ्यांसमोर म्हणू? तुला?”

“तुलाच म्हणावं लागेल. माझ्या तोंडून आलेलं कायद्याला ऐकू येत नाही.”

“लोक काय म्हणतील?”

“जेर्वे, लोकांनी मला ‘ओव्रेची उरलेली’ म्हणून झालंय. याहून वाईट काय सुचणार आहे त्यांना? घाव घालायचा तर मी घालते. माझ्या अंगावर, माझ्या हाताने.”

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “पण दादाने तरीही घरच उचललं तर?”

“तर उचलू दे. मग त्याला कळेल.”

*

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे घरीच जमले. नोटरीसाहेब टेबलाच्या टोकाला, शेजारी पाद्रीबाबा, बाकावर शेजारचे दोघे साक्षीदार. मेदार चुलीपाशी, बापाच्या खुर्चीत. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मार्गो त्याच्या मागे उभी राहून भिंती, खिडक्या, कपाट असं डोळ्यांनीच मापून घेत होती.

“बोल, जेर्वे,” नोटरी म्हणाले. “पहिला भाग.”

जेर्वेने घसा साफ केला. “नदीकाठचं कुरण. गव्हाची दोन्ही शेतं. बैलजोडी, नांगर, गाडी. मेंढ्या सगळ्या.”

बाकावरून कुणीतरी हलकेच शीळ घातली. भाग घसघशीत होता.

“दुसरा?”

“हे घर. गोठा आणि एक गाय. घाणा, तळघर, पिंपं. नासपतीची बाग.” तो थांबला. त्याचे कान लाल झाले. “आणि...”

“आणि काय?”

“आणि ताई.”

नोटरींची लेखणी थांबली. मार्गो फिस्सकन हसली.

“बहिणीला पोसायचं ओझं दोघा भावांवर असतं ना?” जेर्वे एका दमात बोलत सुटला, पाठ केलेलं विसरायच्या आत. “ते मी या भागावर टाकलंय. जो घर घेईल त्याने ताईला जन्मभर सांभाळायचं. तिची जागा चुलीपाशी, बापाच्या खुर्चीत. तळघराची किल्ली तिच्या कमरेला. आणि ती जिवंत आहे तोवर बागेतलं एकही झाड पाडायचं नाही, कारण... कारण...”

तो विसरला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“कारण तिची दारू त्याच झाडांची आहे,” तोमासीन दारातून म्हणाली.

“बायकांनी मध्ये बोलू नये,” नोटरी म्हणाले.

“बाई नाही, नोटरीसाहेब. दुसऱ्या भागातला माल बोलतोय.”

पाद्रीबाबांनी रुमालात तोंड लपवलं. मेदार मात्र हसला नाही. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

“हा काय तमाशा आहे? बहिणीचं असं ओझं कुणी घालतं का?”

“घालता येतं,” नोटरी म्हणाले. “ओझं आहेच. कुठल्या भागावर, ते पाडणाऱ्याने ठरवायचं. तुला नको असेल तर पहिला भाग उचल.”

“अरे, पण यात नको असण्यासारखं काय आहे?” पाद्रीबाबा रुमाल घडी घालत म्हणाले. ते मनापासून बोलत होते, की मुद्दाम, ते आजही कुणी सांगू शकत नाही. “महिनाभर तूच सांगतोयस मेदार, बहिणीला राणीसारखी ठेवणार म्हणून. मग हे ओझं तुला कसलं? हा तर तुझा शब्दच झाला की. घे घर.”

सगळ्यांची नजर मेदारवर. तो बहिणीकडे बघत होता. तोमासीन चौकटीला टेकून उभी होती, हातांची घडी, हनुवटी वर. मनात तिने सगळा हिशेब लावून ठेवला होता. झाडं पाडता येणार नाहीत, म्हणून तो कचरेल. खुर्ची सोडावी लागेल, म्हणून जळफळेल. थोडा वेळ घेईल. लाजेकाजेस्तव एकदा तरी म्हणेल, ‘तोमासीनचं काही नाही, पण झाडांचं...’

मार्गोने नवऱ्याची बाही ओढली. “किल्ली तिच्या कमरेला? माझ्या घरात? शेतं घ्या हो, शेतं.”

“शेतं,” मेदार म्हणाला.

मार्गोचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. तोमासीनची हनुवटी होती तिथेच राहिली. फक्त घडी घातलेल्या हातांची बोटं दंडात रुतली. तिला हेच हवं होतं. इतक्या झटकन नको होतं.

नोटरींनी लिहून संपवलं. मेदारने सही केली, जेर्वेने फुली काढली, साक्षीदारांनी अंगठे उमटवले. तोमासीन टेबलापाशी आली आणि तिने लेखणीसाठी हात पुढे केला.

“तुझी सही लागत नाही, पोरी,” नोटरी जरा ओशाळून म्हणाले. “तू वारस नाहीस. तू ओझं आहेस.”

“ठाऊक आहे. ओझ्याचीही राहू द्या एक.”

आणि त्यांच्या हातातून लेखणी घेऊन तिने जेर्वेच्या फुलीशेजारी आपली फुली काढली. चांगली मोठी, दाबून. नोटरींनी ती खोडली नाही.

वाटणी झाली की त्याच घराच्या दारूने ती पक्की करायची असते. तोमासीन तळघरात उतरली. खाली तिला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. वर मार्गो पुटपुटत होती, आता बाळंतपणात माझं कोण करणार. मेदार खुर्चीतून उठून खिडकीशी उभा होता.

तोमासीन सुरई घेऊन वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण पावलं ठाम होती. जेर्वेने तुळईवरून तिचा आणि आपला पेला काढला. तिने कपाट उघडलं आणि कथलाचे पेले टेबलावर मांडले. नोटरींचा, पाद्रीबाबांचा, साक्षीदारांचे. मग अजून एक. तो तिने काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या आधी मेदारसमोर ठेवला.

मेदारने त्या पेल्याकडे पाहिलं. मग तुळईकडे, जिथे त्याचा कानतुटका पेला अजून खिळ्याला लटकत होता.

“माझा आहे ना तिथे,” तो म्हणाला.

“असू दे रे तो,” तोमासीन म्हणाली. “पाहुण्यांना आधी.”

आणि ती नोटरींचा पेला भरायला वळली.